स्वच्छ झालेली माती जिवंत असते का?

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी आपल्या घरातला एक सरकारी कागद काढून बघायचा आहे.

रस्त्याच्या कडेला तेलाचा टँकर उलटला की बातमी दोन दिवस चालते. पहिल्या दिवशी वाहतूक कोंडी, कॅन आणि बादल्या घेऊन आलेली गर्दी, अग्निशमन दलाचा फेस. दुसऱ्या दिवशी 'वाहतूक सुरळीत'. तिसऱ्या दिवशी बातमी संपली. बातमीदारीत इतकी वर्षं काढल्यावर सांगतो, रस्त्याखालच्या शेतात जे तेल मुरलं त्याची बातमी सहसा होत नाही. त्याच्यावर काय टाकलं, काय फवारलं, त्याची तर नाहीच. वरचा काळा थर गेला, वास कमी झाला, म्हणजे जमीन साफ झाली असं सगळेच धरून चालतात.

हे धरून चालणं किती महागात पडतं याचा जगाने साठेक वर्षांत चांगला अनुभव घेतलाय. गंमत म्हणजे तो धडा आधी शेतात नाही, समुद्रकिनाऱ्यावर मिळाला. कारण तिथे मेलेले जीव डोळ्यांना दिसतात. मातीतले दिसत नाहीत. म्हणून सुरुवात किनाऱ्यावरून करू.

१९६७ : साबणाने समुद्र धुतला

१८ मार्च १९६७. 'टोरी कॅन्यन' नावाचं तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल आणि सिली बेटांच्या मधल्या खडकांवर आदळलं. पोटात सव्वा लाख टनांच्या आसपास कुवेतचं कच्चं तेल. एवढी मोठी तेलगळती तोवर जगाने पाहिली नव्हती. काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी ब्रिटिश विमानांनी स्वतःच्याच किनाऱ्याजवळच्या त्या जहाजावर बॉम्ब टाकले, तेल जळून जावं म्हणून.

किनाऱ्यावर मात्र दुसराच उपाय चालू होता. डिटर्जंट. म्हणजे तेल फोडून पाण्यात मिसळणारं रसायन. सैनिक, मजूर, गावकरी, सगळे कामाला लागले. सुमारे दहा हजार टन रसायन समुद्रात आणि खडकांवर ओतलं गेलं. उन्हाळ्यात पर्यटक यायच्या आत किनारे चकाचक दिसले पाहिजेत, ही घाई होती. आणि किनारे दिसायला चकाचक झालेही.

प्लायमथला समुद्री जीवशास्त्राची जुनी प्रयोगशाळा आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी हातातली कामं सोडली आणि किनाऱ्यावर जाऊन मोजदाद केली. १९६८ मध्ये त्यांचा अहवाल पुस्तकरूपात आला. त्यातून निघालेली गोष्ट अशी, की तेलाने पक्षी मेले, नुकसान केलं, हे खरंच. पण खडकांवरच्या जिवांचा मोठा संहार केला तो साफसफाईच्या रसायनाने. त्या डिटर्जंटमध्ये साबणासारखा भाग थोडा आणि तो विरघळवणारा सॉल्व्हंट जास्त होता. हा सॉल्व्हंटच जहाल विषारी. तेल अंगावर आलं तरी तग धरून राहिलेले जीव फवारणीने खडकावरून सुटून पडले.

खडकाला टोपीसारखे चिकटून बसणारे लिंपेट नावाचे शिंपलेवाले जीव असतात. त्यांचं काम शेवाळ खरवडून खाणं. ते मेले आणि खडक हिरवेगार झाले. बघणाऱ्याला वाटलं, वा, निसर्ग परत आला! प्रत्यक्षात तो हिरवा रंग आजाराचं लक्षण होता. चरणारं कोणी उरलं नाही म्हणून शेवाळ माजलं. मग पुढे लिंपेट बेसुमार वाढले, त्यांनी सगळं खाऊन फस्त केलं, मग उपासमारीने पुन्हा घटले. असे हेलकावे वर्षानुवर्षं चालले.

आता खरा मुद्दा. कॉर्नवॉलमध्येच गॉड्रेव्ही नावाची जागा आहे. तिथे सील प्राण्यांची वस्ती होती, म्हणून तिथे रसायन मारलं नाही. तेल मात्र तिथेही आलं होतं. पुढे हिशोब मांडला तेव्हा काय दिसलं? जिथे काही केलं नाही तो किनारा दोन-तीन वर्षांत मूळ पदावर आला. जिथे भरपूर रसायन मारलं तिथे नऊ-दहा वर्षं लागली, काही ठिकाणी पंधरापर्यंत.

तेल तेच. खडक तेच. फरक फक्त 'सफाई'चा.

१९८९ : गरम पाण्याचा फवारा

बावीस वर्षांनी, २४ मार्च १९८९ ला, अलास्कात 'एक्झॉन वाल्डीझ' जहाज खडकावर चढलं. चार कोटी लिटरच्या आसपास तेल सांडलं. इंग्लंडचा धडा ठाऊक असल्याने किनाऱ्यांवर रसायनांचा मारा करण्याला विरोध झाला. मग काय केलं? साठेक अंश सेल्सिअस तापलेलं पाणी प्रचंड दाबाने मारून दगड धुतले. पाणीच तर आहे, त्याने काय होतंय?

खूप झालं. तेलातून वाचलेले जीव त्या पाण्याने शिजले. दगडांमधली बारीक वाळू आणि गाळ धुऊन गेला, आणि त्या गाळात राहणाऱ्या शिंपल्यांचं घरच गेलं. सुदैवाने तुलनेसाठी काही पट्टे मुद्दाम न धुता ठेवले होते. अमेरिकी सरकारच्या शास्त्रज्ञांना पुढे असं दिसलं, की धुतलेल्या किनाऱ्यांवर जीव परतायला न धुतलेल्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

त्याच अलास्कात आणखी एक प्रयोग झाला. किनाऱ्यावर चक्क खत टाकलं. नत्र आणि स्फुरद. कारण तेल खाणारे जिवाणू निसर्गात मुळातच असतात. १९४६ मध्येच क्लॉड झोबेल या शास्त्रज्ञाने तेल खाणाऱ्या सूक्ष्मजीवांवर मोठा आढावा लिहिला होता. त्यांना कमी पडतं ते तेल नाही, नत्र आणि हवा. खत मिळाल्यावर त्यांनी तेल फोडण्याचा वेग वाढवला. पण हीसुद्धा जादू नव्हती. जिथे तेल दगडांखाली खोल गेलं आणि हवा पोचली नाही, तिथे ते पुढे कित्येक वर्षं सापडत राहिलं.

आता मातीकडे

एवढा किनारा का सांगितला? कारण किनाऱ्यावर हिशोब ठेवणारे लोक होते. लिंपेट मोजता येतात. आपल्या शेतातल्या मातीत ग्रॅमभरात कोट्यवधी जिवाणू असतात, बुरशीचे धागे असतात, सूत्रकृमी, गांडुळं असतात. ते मेले तर कोण मोजणार?

आधी तेल मातीत काय करतं ते बघू. मातीच्या कणांवर तेलाचा लेप बसतो. पाणी मुरत नाही, वरून ओघळतं. हवा आत जात नाही. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर वाफसाच येत नाही. हलकं तेल, म्हणजे पेट्रोल किंवा डिझेलचा काही भाग, उडून जातो. जड भाग बसून राहतो. गांडुळं पळतात किंवा मरतात. तेल खाऊ शकणारे जिवाणू मात्र वाढायला लागतात. पण तेलात कर्बच कर्ब, नत्र जवळपास नाहीच. मग ते नत्र कुठून घेतात? मातीतून. कच्चा भुसा शेतात गाडला की पीक पिवळं पडतं, हे आपल्याकडे कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. अगदी तेच इथे होतं.

म्हणजे तेल तसंच राहू द्या असं कोणी म्हणत नाही. प्रश्न काढायचं कसं हा आहे.

अमेरिकेत १९८० च्या दशकात लक्षात आलं, की पेट्रोल पंपांच्या जमिनीखालच्या हजारो लोखंडी टाक्या गंजून गळतायत. १९८४ मध्ये त्यासाठी कायद्यात दुरुस्ती झाली. एवढी माती खोदून कुठे नेणार? मग १९९० च्या दशकात एक पद्धत जोर धरू लागली. जमिनीत भोकं पाडायची आणि जागच्या जागी तेल जाळणारं रसायन सोडायचं. 'जाळणारं' म्हणजे आग नाही, ऑक्सिडीकरण. हायड्रोजन पेरॉक्साइड, परमँगनेट, परसल्फेट, ओझोन ही त्यातली मंडळी. पेरॉक्साइड आणि लोहाच्या जोडीची रसायनक्रिया तर फेंटन नावाच्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्येच प्रसिद्ध केली होती. शंभर वर्षांनी ती जमीन साफ करायला वापरात आली.

यातली दोन नावं आपल्याला घरातलीच आहेत. जखमेवर टाकल्यावर फसफसतं ते पेरॉक्साइड. आणि पूर्वी विहिरीत टाकायचे ते जांभळं पोटॅशिअम परमँगनेट. आता विचार करा, या दोन्ही गोष्टी आपण कशासाठी वापरत होतो? जंतू मारायला! तीच रसायनं शेकडो पट प्रमाणात मातीत सोडल्यावर तिथले जिवाणू काय हार घालून स्वागत करणार आहेत?

रसायनाला तेल आणि जीव यातला फरक कळत नाही. समोर कर्ब दिसला की तो फोडणार. मग ते डिझेल असो, जिवाणूची कातडी असो किंवा पिढ्यान् पिढ्या शेणखत घालून तयार झालेला ह्यूमस असो. उलट चांगल्या, काळ्या, सेंद्रिय कर्बाने भरलेल्या जमिनीत बरंचसं रसायन त्या ह्यूमसमध्येच खर्ची पडतं. तेल जाळायला मग आणखी रसायन लागतं. म्हणजे जमीन जेवढी कसदार तेवढं तिचं नुकसान जास्त आणि बिलही जास्त.

शिवाय जोडीचे परिणाम आहेत. फेंटनची क्रिया सामू तीनच्या आसपास, म्हणजे लिंबाच्या रसाजवळ जाणाऱ्या आंबटपणात सर्वात चांगली चालते. परसल्फेट काम करून झाल्यावर सल्फेट आणि आम्ल मागे ठेवतं. पेरॉक्साइडने माती तापते. परमँगनेटमुळे मँगनीजचा काळपट साका मातीच्या फटींत बसतो. सामू घसरला की मातीत बांधलेले काही जड धातू सुटून पाण्यात येऊ शकतात. साबणासारखी रसायनं वापरून माती धुतली तर जिवाणूंच्या पेशींची कवचं फाटू शकतात, आणि सुटं झालेलं तेल नीट गोळा केलं नाही तर खाली विहिरीच्या पाण्याकडे सरकतं.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ही पोस्ट एकांगी होईल. रसायन सोडल्यावर जिवाणूंची संख्या धाडकन पडते, पण शून्य होत नाही. काही आठवड्यांत, काही महिन्यांत आकडा परत वर येतो. काही वेळा आधीपेक्षाही जास्त. कारण पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन मिळतो आणि तेलाचे मोठे चिवट रेणू तुटून लहान झालेले असतात, ते खायला सोपे. म्हणून बेताच्या मात्रेत आधी रसायन आणि मग जिवाणू, अशी जोडी कामाची ठरते. बेंझिनसारखं कर्करोग करणारं द्रव्य पिण्याच्या विहिरीकडे चाललं असेल तर हातावर हात ठेवून बसताही येत नाही. तिथे रसायन वापरावंच लागेल.

पण कॉर्नवॉलचा हिरवा खडक आठवा. आकडा परत आला म्हणजे वस्ती परत आली असं नाही. लवकर येतात ते भराभर वाढणारे, मिळेल ते खाणारे. अमोनियाचं नायट्रेट करून पिकाला नत्र पोचवणारे जिवाणू हळू वाढतात, ते मागे राहतात. मुळांना जोडलेलं बुरशीचं जाळं तर आणखी सावकाश विणलं जातं. गाव उठल्यावर तिथे पहिल्यांदा टपऱ्या येतात. शाळा, दवाखाना, वाणी, सुतार परतायला वेळ लागतो. माणसांची मोजणी केली तर गाव भरलेलं दिसेल. गावगाडा चालू झालाय का, हा प्रश्न वेगळा.

वाट बघणंही एक उपाय असतो

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात बेमिजी गावाजवळ १९७९ च्या ऑगस्टमध्ये तेलाची पाइपलाइन फुटली. सतरा लाख लिटरच्या आसपास तेल सांडलं. बरंचसं उचललं, उरलेलं जमिनीत राहिलं. तिथल्या सरकारी भूगर्भशास्त्र खात्याने १९८३ पासून त्या जागेची प्रयोगशाळाच केली. जमिनीखाली, हवा नसतानाही, लोहाच्या मदतीने तेलातली द्रव्यं खाणारे जिवाणू काम करतायत हे तिथे दिसलं. काम संथ, पण विषाचा पाण्यातला पसारा त्यांनी बराच रोखून धरला.

दुसरं उदाहरण कुवेतचं. १९९१ च्या युद्धात सहाशेच्या वर विहिरी पेटवल्या गेल्या, वाळवंटात तेलाची तळी साचली. काही वर्षांनी तिथल्या विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी तेलकट वाळूत उगवलेली रानटी झुडपं उपटून पाहिली. आजूबाजूची वाळू काळी, पण मुळं पांढरी स्वच्छ. मुळांभोवती तेल खाणाऱ्या जिवाणूंची दाट वस्ती होती. १९९५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हे छापून आलं. झाड जिवाणूंना पोसतं, जिवाणू झाडाभोवतीचं तेल खातात. असा करार रसायनाच्या ड्रममध्ये मिळत नाही.

यात भारतीय माणसांचंही नाव आहे. बंगालमध्ये जन्मलेल्या आनंद चक्रवर्तींनी अमेरिकेत तेल फोडणारा जिवाणू घडवला. त्याच्या पेटंटचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ते जिंकले. दिल्लीच्या 'टेरी' संस्थेने निसर्गातले जिवाणू निवडून 'ऑइलझॅपर' नावाचं मिश्रण बनवलं. तेल कंपन्यांच्या गाळावर ते वापरलं जातं. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' जहाजांची टक्कर होऊन तेल रायगडच्या किनाऱ्यावर, तिवरांच्या मुळांत घुसलं, तेव्हाही किनाऱ्यावर या जिवाणूंचा वापर झाला.

मात्र 'आमची पावडर टाका, तेल गायब' म्हणणाऱ्यांपासूनही सावध राहा. अलास्कात बाजारातले जिवाणू टाकून पाहिले, त्यांनी नुसत्या खतापेक्षा काही वेगळं करून दाखवलं नाही. स्थानिक जिवाणू तयारच होते. त्यांना मारलं नाही आणि जेवण दिलं, एवढंच पुरेसं होतं.

मग आपण काय करायचं?

२०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम आणले. ज्याने घाण केली त्याच्याकडून सफाईचा खर्च घ्यायचा, हे तत्त्व त्यात आहे. चांगलंच आहे. पण जगभर अशा नियमांचा पाया एकच असतो: मातीत विष किती मिलिग्रॅम उरलं. जीव किती उरले, हा रकाना क्वचितच.

आता तो घरातला कागद काढा. जमीन आरोग्य पत्रिका. ही योजना १९ फेब्रुवारी २०१५ ला सुरू झाली. तिच्यावर बारा गोष्टी मोजल्या जातात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक. जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. बारा रकाने नीट वाचा. 'आरोग्य' पत्रिका आहे, पण माती जिवंत आहे का, असा एकही रकाना नाही. सेंद्रिय कर्ब जरा जवळ जातो, पण ते कोठीतलं धान्य झालं; घरात माणसं आहेत का हे त्यावरून कळत नाही.

त्यामुळे तेल सांडलेली जमीन रसायनाने धुऊन शेतकऱ्याला परत दिली आणि तिथे दोन हंगाम काही उगवलं नाही, तर त्याच्या हातात पुरावा काय? काहीच नाही. तेलाचा आकडा कमी आलेला असतो. कागदावर जमीन साफ. नुकसानभरपाईची फाइल बंद.

म्हणून या गोष्टी लक्षात ठेवा, वेळ आली तर मागा.

एक, पंचनामा होताना मातीचे दोन नमुने घ्यायला लावा. एक तेल पडलेल्या जागेचा, एक बांधापलीकडच्या चांगल्या जमिनीचा. गॉड्रेव्हीचा किनारा नसता तर इंग्लंडला काही कळलंच नसतं. तुलनेची जागा हाच पुरावा.

दोन, साफ करायला कोणतं रसायन, किती, किती दिवस वापरलं हे लेखी घ्या.

तीन, सफाईनंतर फक्त तेल नको, मातीचा श्वास आणि डिहायड्रोजिनेज या विकराची तपासणी मागा. अवघड काही नाही, कृषी विद्यापीठांच्या मृदा विभागांत या चाचण्या विद्यार्थीसुद्धा करतात. आणि एकदाच नको, वर्षभराने पुन्हा.

चार, घरच्या घरी करायचं ते. दोन कुंड्यांत दोन्ही नमुने भरा, मूग किंवा मेथी टाका, उगवण मोजा. पावसाळ्यात फूटभर चौरस खड्डा काढून गांडुळं मोजा. आणि परदेशात शेतकरी करतात तसं, जुनी सुती चड्डी दोन्हीकडे वितभर खोल पुरा आणि दोन महिन्यांनी काढा. हसू नका. जिवंत मातीत तिच्या चिंध्या होतात, नुसता इलॅस्टिक उरतो. जिथे चड्डी धडधाकट निघाली, तिथे मातीत खाणारं कोणी उरलेलं नाही. कोर्टात हा पुरावा चालणार नाही, पण प्रयोगशाळेत जायचं की नाही ते कळेल.

तेल सांडणं अपघात असतो. सफाई मात्र माणूस ठरवून करतो, म्हणून तिचा जाब विचारता येतो.

तुमच्या जमीन आरोग्य पत्रिकेवर शेवटची तपासणी कोणत्या वर्षाची आहे ते कमेंटमध्ये लिहा. गॅरेज, पंप, पाइपलाइन किंवा महामार्गालगत शेत असेल तर तेही लिहा. यादी मोठी झाली तर तेरावा रकाना हवा, ही मागणी घेऊन कृषी विभागाकडे जाऊ.